आगरकरांचं सबमिशन

रात्रीचे दीड वाजलेले. हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर सगळ्या रूम्सचे लाईट चालू. परीक्षा नव्हती, कोणाचा बर्थडेही नव्हता. सबमिशन होतं! त्यातही हे सबमिशन जरा वेगळं. ड्रॉइंग शीट नाही, जर्नल नाही, रीडिंग्ज जुळवायची भानगड नाही. एका युनिटवर 'स्वतःचं मत मांडणारा निबंध' लिहून द्यायचा होता. ग्लास ट्रेसिंग करून शीटच्या शीट उतरवणाऱ्या आम्हा पोरांना हे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ वाटला. एकाने नोट्समधून चार पानं उतरवली, त्याच्यावरून दुसऱ्याने, आणि पहाटेपर्यंत आख्ख्या मजल्याचं मत एकच झालं!

दोन दिवसांनी सरांनी गठ्ठा परत केला. माझ्या निबंधावर लाल शेरा नव्हता, मार्कही नव्हते. शेवटच्या पानावर फक्त एक मोठं प्रश्नचिन्ह होतं. मी विचारायला गेलो, तर सर शांतपणे म्हणाले की हे सगळं पुस्तकात आहे, मी वाचलेलं आहे, यात तू कुठे आहेस ते दाखव. मला काही दाखवता येईना. मग त्यांनी लायब्ररीतून आगरकरांचे निबंध काढून वाचायला सांगितलं. म्हणाले, हा माणूसही कॉलेजच्या पुस्तकांवरूनच लिहायचा, बघ कसा लिहायचा ते.

खरं सांगतो, तोपर्यंत आगरकर म्हणजे माझ्या लेखी शाळेच्या पुस्तकातला पगडीवाला फोटो, 'थोर समाजसुधारक' आणि 'टिळकांचे मित्र, नंतर मतभेद'. रिकाम्या जागा भरा मध्ये दोन मार्कांचा माणूस. पण तो निबंधांचा खंड आणि त्यांचं चरित्र वाचलं आणि मी बसलोच. मित्रांनो, हा तर आपल्यासारखाच हॉस्टेलवर राहिलेला, पैशाची तंगी असलेला, मेसचं बिल थकवणारा पोरगा होता! फरक एवढाच की त्याने सिलॅबस परीक्षेनंतर रद्दीत घातला नाही. त्याचीच ही गोष्ट.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ टेंभू नावाच्या गावी. गंमत म्हणजे बाळ गंगाधर टिळकांचा जन्म त्याच महिन्यातला, २३ जुलैचा. दोघांमध्ये फक्त नऊ दिवसांचं अंतर. घरची परिस्थिती अगदीच बेताची, म्हणून गोपाळ कऱ्हाडला आजोळी राहून शिकला. इंग्रजी तीन इयत्ता झाल्या आणि पुढे शिकायची सोय संपली. मग काय, मामलेदार कचेरीत उमेदवारी करायची. उमेदवारी म्हणजे आजच्या भाषेत बिनपगारी इंटर्नशिप. दवाखान्यात कंपाउंडरचं कामही केलं. त्या वयाच्या दुसऱ्या एखाद्या मुलाने कचेरीतच बस्तान बसवलं असतं आणि हळूहळू कारकून होऊन घर चालवलं असतं. त्यात वाईटही काही नव्हतं. पण याला शिकायचं होतं.

शिकायचं म्हणून हा मुलगा कऱ्हाडहून रत्नागिरीला पायी गेला. नकाशा काढून बघा, मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. घाट उतरून, चालत चालत कोकणात. तिथे वार लावून जेवायचं, पडेल ते काम करायचं आणि शाळेत जायचं. तेही जमलं नाही, परत यावं लागलं. मग नातेवाइकांच्या आधाराने थेट दुसऱ्या टोकाला, वऱ्हाडात अकोल्याला. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी नावाचे शिक्षक भेटले. महाजनी स्वतः मोठे विद्वान. एकदा वर्गात ते गोपाळला रागावले, तेव्हा हा तडफेने उभा राहिला आणि मीही तुमच्यासारखा एम.ए. होऊन दाखवीन असं सांगून बसला, अशी आठवण सांगतात. खिशात फीचे पैसे नाहीत आणि गोष्टी एम.ए.च्या! त्या काळी मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन वीस वर्षंही झाली नव्हती, एम.ए. झालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पण पोराने शब्द पाळला. १८७५ मध्ये मॅट्रिक पास होऊन तो पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

डेक्कन कॉलेजातली त्यांची गरिबी प्रसिद्ध आहे. अंगात घालायला एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून लेक्चरला जायचं. आपण इथे लाँड्रीवाल्याने दोन दिवस उशीर केला तर डोकं फिरवून घेतो! पैसे कुठून यायचे? काही शिष्यवृत्तीतून, काही निबंधस्पर्धा आणि वक्तृत्वस्पर्धांच्या बक्षिसांतून, काही वर्तमानपत्रात लेख लिहून. म्हणजे बघा, लिहिणं हा त्यांचा छंद नव्हता, त्यावर त्यांचं जेवण अवलंबून होतं. अशा माणसाला बक्षीस देणाऱ्याला आवडेल तेच लिहायची सवय लागायला वेळ लागत नाही. आगरकरांना ती लागली नाही, हे मला विशेष वाटतं.

आता मुख्य मुद्दा, त्यांच्या सिलॅबसचा. बी.ए. १८७८ मध्ये झालं आणि पुढे एम.ए.ला त्यांनी इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेतले. या काळात त्यांच्या हातात जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे दोन इंग्रज लेखक आले. मिलने तर्कशास्त्रावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता, व्यक्तिस्वातंत्र्यावर छोटं पण जहाल पुस्तक लिहिलं होतं आणि १८६९ मध्ये स्त्रियांच्या गुलामगिरीवर पुस्तक काढून इंग्लंडात खळबळ उडवली होती. स्पेन्सरचं म्हणणं असं की समाज, धर्म, चालीरीती हे काही आकाशातून पडलेलं नाही, ते साध्या अवस्थेतून हळूहळू गुंतागुंतीचं होत गेलं, आणि त्याचीही कारणं शोधता येतात, जशी निसर्गातल्या गोष्टींची येतात.

ही पुस्तकं त्या वेळी काही एकट्या आगरकरांनी वाचली नाहीत. त्यांच्या आधी आणि नंतर कितीतरी हुशार मुलांनी वाचली. पण बहुतेकांच्या डोक्यात दोन कप्पे असायचे. एका कप्प्यात मिल आणि स्पेन्सर, दुसऱ्या कप्प्यात घर. परीक्षेत स्वातंत्र्याचं महत्त्व सांगून पहिला वर्ग मिळवायचा, आणि सुट्टीत घरी गेल्यावर आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसायचं. दोन्ही कप्प्यांमधलं दार कायमचं बंद. मग मुन्सफ व्हायचं, मामलेदार व्हायचं, पेन्शन घ्यायचं. आगरकरांनी ते मधलं दार उघडलं. पुस्तकात वाचलेला नियम खरा असेल तर तो टेंभूलाही लागू झाला पाहिजे, शनिवार पेठेलाही लागू झाला पाहिजे आणि माझ्या स्वतःच्या घरालाही. गुरुत्वाकर्षणाचा नियम इंग्लंडात वेगळा आणि कऱ्हाडात वेगळा नसतो ना? तसंच.

याच वसतिगृहात त्यांची टिळकांशी गाठ पडली. रात्र रात्र दोघांचे वाद चालायचे. विषय एकच, देशाचं काय करायचं. दोघांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत झालं की सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाचं काम करायचं. आता विचार करा. एकुलता एक सदरा धुऊन एम.ए. झालेला मुलगा. घरी आई वाट बघते आहे की आता पोराला मोठी नोकरी लागेल, दिवस पालटतील. १८७७ मध्ये लग्न झालेलं, म्हणजे यशोदाबाईंचीही जबाबदारी. आणि त्या वेळी हा आईला पत्र लिहितो की मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकी सगळा वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. ते पत्र मराठीत फार गाजलं, आपल्याला शाळेत कौतुकाने सांगतात. पण ते वाचताना त्या माउलीच्या पोटात काय झालं असेल याचा विचार मी पहिल्यांदाच केला. कॅम्पस प्लेसमेंटच्या काळात आपल्यापैकी कोणी असं पत्र घरी पाठवून बघावं!

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं होतं. एम.ए. होताच आगरकर त्यात सामील झाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत निघाला. आज 'केसरी' म्हटलं की टिळक आठवतात, पण 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. वय वर्षं चोवीस! आपल्याकडे या वयात काही जणांचे बॅकलॉग निघायचे असतात.

पुढच्याच वर्षी या तरुण संपादकाला जोरदार ठेच लागली. कोल्हापूरच्या महाराजांचा, चौथ्या शिवाजींचा, छळ होतो आहे अशा बातम्या येत होत्या. त्यासंबंधी काही पत्रं हाती आली. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी त्यांच्या आधारावर तिथले कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झालीच. खटल्याच्या वेळी जामिनाची अडचण आली, तेव्हा जोतीराव फुले यांनी आपल्या मित्राकरवी ती सोडवली. ज्यांच्याशी या मंडळींचं विचारांनी फारसं जमत नव्हतं, त्या माणसाने हे केलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघे एकशे एक दिवस राहिले आणि २६ ऑक्टोबर १८८२ ला सुटले. बाहेर आल्यावर लोकांनी स्वागत वगैरे केलं. पण मला त्यातली दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. महाराजांबद्दलची त्यांची काळजी खरी होती. महाराजांचा पुढच्याच वर्षी अहमदनगरला दुर्दैवी अंत झाला. काळजी खरी, पण हातातला पुरावा खोटा. मत मांडणाऱ्याला याहून कडक व्हायव्हा कोणती असणार? आपला हेतू कितीही चांगला असला तरी आधार तपासल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. लॅबमध्ये ग्राफ सुंदर यावा म्हणून रीडिंग मनाने भरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. (यात मीही आलो.) आगरकरांच्या पुढच्या लेखनात असल्या ऐकीव कागदांवर उभं राहिलेलं फारसं काही सापडत नाही. तिथे डोळ्यांसमोर रोज घडणारी गोष्ट घेतलेली असते, जी वाचणाराही आपल्या घरात तपासून पाहू शकतो.

तुरुंगातले दिवस त्यांनी वाया घालवले नाहीत. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर तिथेच केलं, ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. तुरुंगातल्या अनुभवांवरही पुस्तक लिहिलं. बघा, इथेही तेच. शेक्सपिअर कॉलेजात वाचलेला, तो कोठडीत बसून आपल्या भाषेत आणला.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघालं. आगरकर तिथे शिकवू लागले. शिकवायचं आणि लिहायचं, हाच दिनक्रम. आता त्यांच्या लेखनाची तऱ्हा थोडी सांगतो, कारण सरांनी मला पाठवलं होतं ते यासाठीच.

पहिली गोष्ट म्हणजे ते पुस्तकातलं वाक्य आणून समोर आपटत नाहीत. मिल असं म्हणतो म्हणून तुम्ही ऐका, असं त्यांचं म्हणणं नसतं. मिलकडून ते रीत घेतात आणि उदाहरण आपल्या माजघरातलं घेतात. सोवळ्यावरचा त्यांचा निबंध घ्या. सोवळं पाळणं चांगलं की वाईट, असा सरळ निवाडा करायला ते बसत नाहीत. ही चाल कशासाठी पडली असेल, त्यातलं स्वच्छतेचं कारण किती आणि निव्वळ सवय किती, कारण संपल्यावर चाल का उरली, अशा प्रश्नांनी ते ती गोष्ट सोलत जातात. आपण फ्री बॉडी डायग्राम काढतो तसं! बॉडी वेगळी काढायची, तिच्यावर कुठून कुठून बल लागतं ते दाखवायचं, मग समीकरण मांडायचं.

'देवतोत्पत्ति' या निबंधात स्पेन्सरचा हात स्पष्ट दिसतो. माणसाच्या मनात देवांची कल्पना कशी उपजली असेल, स्वप्नं, मृत्यू, पूर्वजांची भीती यांचा त्यात काय वाटा असेल, याचा तो शोध आहे. आज हे वाचताना आपल्याला काही वाटत नाही. १८८० च्या दशकातल्या पुण्यात हे मराठीत, वर्तमानपत्रात, भटजींपासून शाळामास्तरांपर्यंत सगळे वाचणार हे ठाऊक असताना छापायचं, म्हणजे काय ते समजून घ्या. इंग्रजीत लिहिलं असतं तर कोणी फारसं रागावलं नसतं. परीक्षेच्या पेपरात लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते. तेच मराठीत लिहिल्यावर शिव्या मिळाल्या.

आणि स्त्रियांबद्दलचे निबंध. मिलचं स्त्रियांवरचं पुस्तक वाचून भाषण ठोकणारे पुष्कळ होते. आगरकर तिथे थांबले नाहीत. त्यांनी पुढचा, गैरसोयीचा प्रश्न विचारला की बाई शिकली तरी तिच्या पोटाचं काय? कमवायची सोय नसेल तर ती कोणाच्या तरी ताटाखालचं मांजरच राहणार. म्हणून पोट भरता येईल असं शिक्षण स्त्रियांना मिळालं पाहिजे, असं त्यांनी मांडलं. त्याच्याही पुढे जाऊन मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकाच वर्गात द्यावं, असं म्हणाले. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून आम्हाला सगळ्या टेस्टमध्ये मागे टाकणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यातली एकही आगरकर वाचलेली नाही, मीही नव्हतो. पण तो बाक तिथे आहे तो आपोआप आलेला नाही. त्यात फुले दांपत्याने १८४८ मध्ये काढलेल्या शाळेचा वाटा आहे, तसा या निबंधांचाही आहे.

आणखी एक. या माणसाने मराठी वाक्यांवर पुस्तक लिहिलं आहे, 'वाक्यमीमांसा'. वाक्याचे भाग पाडून कोणता भाग काय काम करतो हे दाखवणारं. इंग्रजी शिकताना वाक्याचं पृथक्करण करायची जी पद्धत असते, ती त्यांनी मराठीला लावून पाहिली. जो माणूस वाक्य असं उकलून पाहतो, तो विचारही तसाच उकलतो. म्हणून त्यांची वाक्यं लांब असली, जुन्या वळणाची असली तरी दोनदा वाचल्यावर कुठे धागा तुटलेला सापडत नाही.

हे सगळं चालू असताना 'केसरी'तल्या मंडळींशी त्यांचे खटके उडू लागले. टिळकांचं म्हणणं, आधी स्वराज्य, समाजाची सुधारणा हळूहळू होईल आणि त्यात परक्या सरकारचा हात नको. आगरकरांचं म्हणणं, घरात निम्म्या माणसांना गुलाम ठेवून आपण कोणत्या तोंडाने स्वातंत्र्य मागणार? दोघेही प्रामाणिक, दोघेही हट्टी. शेवटी १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला. सात वर्षं वाढवलेलं पत्र सोडून द्यायचं, हे सोपं नव्हतं. १८८८ च्या दसऱ्याला त्यांनी स्वतःचं 'सुधारक' सुरू केलं, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. इंग्रजी बाजू सांभाळायला एक विशीतला तरुण प्राध्यापक होता, गोपाळ कृष्ण गोखले. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. ज्या दोघांनी हॉस्टेलवर रात्री जागवून एक स्वप्न पाहिलं, ते आता आपापल्या पत्रांतून एकमेकांवर तुटून पडू लागले. रूममेटशी भांडण झालं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. हे भांडण तर सगळा महाराष्ट्र वाचत होता.

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीशी शरीरसंबंधाचं कमीत कमी वय दहावरून बारा करण्याचा. आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर बारासुद्धा वाचवत नाही, पण त्या वेळी त्यावर केवढा गदारोळ झाला! टिळक विरोधात, आगरकर बाजूने. इथे मला त्यांच्या सिलॅबसची पुन्हा आठवण होते. मिल तर व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी. मग त्याच्या शिष्याने सरकारला घरात शिरायला कसं सांगितलं? माझ्या मते उत्तर मिलमध्येच आहे. स्वातंत्र्य म्हणजे स्वतःपुरतं वागण्याची मोकळीक, दुसऱ्याला इजा करण्याची नव्हे. दहा वर्षांची मुलगी ही नवऱ्याच्या 'स्वतःपुरत्या' वागण्यात येते का? नाही येत. म्हणजे आगरकरांनी पुस्तक सोडलं नव्हतं, उलट ते शेवटपर्यंत वाचलं होतं. (हे माझं मत आहे. सर, नोंद घ्यावी!)

याची किंमत काय मोजली? सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. पुतळ्याची तिरडी बांधून ती त्यांच्या घरावरून नेली, असं सांगतात. आत यशोदाबाई, मुलं. डोळ्यांसमोरून स्वतःचं प्रेत जाताना पाहायचं आणि संध्याकाळी पुढच्या अंकाचा मजकूर लिहायला बसायचं. शाळेत हे एका ओळीत वाचलं होतं, तेव्हा हसू आलं होतं. या वेळी नाही आलं.

प्रकृती तर आधीपासूनच साथ देत नव्हती. दम्याचा जबरदस्त त्रास. त्यातच १८९२ मध्ये फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले (तेच, संस्कृत डिक्शनरीवाले) आणि प्राचार्यपद आगरकरांकडे आलं. कॉलेज, 'सुधारक', दमा, तिन्ही एकदम. १७ जून १८९५ रोजी ते गेले. वय एकोणचाळीससुद्धा पूर्ण नव्हतं. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, असं सांगतात. एम.ए. झालेल्या, कॉलेजच्या प्राचार्य असलेल्या माणसाची शिल्लक ती. त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला टिळकांनी, 'केसरी'त. जुना रूममेट शेवटी जुना रूममेटच.

आता सगळंच गोड गोड लिहायला नको, नाहीतर सर पुन्हा प्रश्नचिन्ह काढतील. आगरकरांच्या निबंधांत आपल्याला आज खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. त्यांचं बरचसं लेखन पुण्याच्या शिकलेल्या, वरच्या जातीच्या घरांभोवती फिरतं. शेतकऱ्याच्या झोपडीपर्यंत जे फुले पोचले, तिथे आगरकर कमी पोचतात. स्पेन्सरवर त्यांनी जेवढा विश्वास टाकला तेवढा पुढे कोणी टाकला नाही, त्याचे बरेच सिद्धांत नंतर मागे पडले. पण हे मी लिहू शकतो तेही त्यांच्याच शिकवणीने. लेखक कितीही मोठा असो, त्याचं म्हणणं तपासून घ्यायचं, आगरकरांचंसुद्धा.

तो खंड मी आठवडाभर ठेवला, दोन रुपये फाईन भरला आणि निबंध पुन्हा लिहायला घेतला. विषय तोच, युनिट तेच. यंत्र आल्यावर माणसाच्या कामाचं काय होतं, असा काहीसा. आधीच्या निबंधात मी औद्योगिक क्रांतीवर चार पानं उतरवली होती. या वेळी मी आमच्या गावातल्या साखर कारखान्याबद्दल लिहिलं. ऊसतोडणीचं यंत्र आलं तेव्हा टोळीतल्या लोकांचं काय झालं, माझ्या वडिलांना ते यंत्र का आवडलं आणि मला ते आवडूनही रात्री झोप का लागली नाही, ते लिहिलं. पुस्तकातला मुद्दा एका बाजूला ठेवला, गाव दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीचा हिशोब लागतो का ते पाहिलं. पूर्ण लागला नाही. जिथे लागला नाही तिथे तसं लिहिलं. घरी हा निबंध वाचून दाखवायची अजून हिंमत झालेली नाही, कारण वडिलांच्या मताविरुद्ध त्यात दोन परिच्छेद आहेत. दिवाळीच्या सुट्टीत दाखवणार आहे. तेव्हा कळेल, माझ्या डोक्यातले दोन कप्पे अजून वेगळे आहेत की दार उघडलं आहे.

सरांनी निबंध परत दिला. मार्क फार नाहीत, शुद्धलेखनाच्या चुकांखाली भरपूर लाल रेघा आहेत. पण शेवटच्या पानावर या वेळी प्रश्नचिन्ह नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या सबमिशनला रात्री दीड वाजता कोणाची तरी फाईल मागायला जाल, तेव्हा एकच सदरा असलेल्या त्या मुलाची आठवण ठेवा. युनिट संपवून झालं की स्वतःला विचारा, हे खरं असेल तर माझ्या घरात, माझ्या गावात काय बदलायला हवं? उत्तर सापडलं तर लिहा, मराठीत लिहा. आणि लायब्ररीत आगरकरांचा खंड आहे, मी परत केला आहे. आता तुमचा नंबर!